चार किलो, तेही सावकाश

लखनौच्या आमच्या मराठी मंडळातल्या बायकांना वजन उतरवायचा एकच मार्ग ठाऊक आहे, तो म्हणजे उपास. आणि उपास म्हणजे दाण्याच्या कुटात लोळणारी साबुदाण्याची खिचडी, शेजारी बटाट्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू. एरवी दोन पोळ्यांत उठणारी बाई उपासाला ताट भरून घेते आणि मग काटा हलत का नाही म्हणून देवालाच दोष देते. मी ह्या बायकांना मनातल्या मनात हसत असे.

मग गेल्या वर्षी वजन उतरवायची पाळी माझ्यावर आली. आमच्या ह्यांना पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. रोज सकाळी त्यांना पलंगावरून उठवून खुर्चीत बसवायचं काम माझं. पासष्टी उलटलेल्या माझ्या गुडघ्यांनी एके दिवशी दगा दिला आणि आम्ही दोघंही पलंगावर कोसळलो. बंगळुरूच्या मुलाला ते कळलं. तो लखनौतच वाढलेला. मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत.

"आई, तू अकेली कब तक करेगी? यहाँ एक अच्छा सेंटर है, बाबा को वहाँ रख देते हैं."

रख देते हैं! बाप म्हणजे जुना सोफा आहे का? फोन स्पीकरवर होता. ह्यांनी सगळं ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला फार भीती वाटली.

डॉक्टर तरुण होता, बोलणं अगदी इथलं, अदबीचं. "आंटीजी, बस चार किलो कम कर लीजिए, घुटनों को आराम मिलेगा. मगर आहिस्ता. इस उम्र में जल्दबाज़ी करेंगी तो चर्बी के साथ ताक़त भी चली जाएगी." भात, साखर, तळण कमी. डाळ, दही, अंडी मात्र रोज. आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं.

मंडळात हे सांगितलं तर सगळ्यांचे चेहरे पडले. एवढंच? ह्यात मिरवण्यासारखं काहीच नव्हतं ना! मिरवत होत्या त्या आमच्या अध्यक्षीणबाई. माझ्याच वयाच्या. कुठलीशी पावडर पाण्यात ढवळून पिऊन त्यांनी महिन्याभरात सात किलो उतरवले होते. जेवण जवळजवळ बंद. गळ्याची कातडी लोंबायला लागली होती, पण बायका नव्या नवरीभोवती जमाव्यात तशा त्यांच्याभोवती गोळा होत. मला म्हणाल्या, "तुझा अजून एकच किलो? तोंडावर ताबा नाही बाई तुझा. आणि अंडी खातेस म्हणे!" मी म्हटलं, "हो, खाते." ह्या बाईंशी वाद घालण्यापेक्षा चौकातल्या गर्दीत रिक्षा वळवणं सोपं.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही सगळ्या जमिनीवर चादरी घालून मोदक वळायला बसतो. ओट्यावर वळले तर बाप्पाला चालत नाहीत, असा आमचा समज असावा. त्या वर्षीही बसलो. शेवटची उकड संपली, बायका कण्हत कुंथत उठल्या. अध्यक्षीणबाई उठेनात. आधी हसल्या. मग तळवा टेकून पाहिला, पुन्हा खाली बसल्या. चेहरा पांढरा पडला होता.

भोवती सल्ल्यांचा पूर आला. नजर लागली असेल. पित्त असेल. एकीने तर उद्या कडक उपास करा म्हणून सुचवलं. हात मात्र कुणी पुढे केला नाही. मी ह्यांना उठवते तसेच त्यांच्या काखेत हात घातले, माझं पाऊल त्यांच्या पावलाला लावलं आणि त्यांना उभं केलं. काही जोर लागलाच नाही. काखेत नुसती हाडं लागली आणि मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच वाईट वाटलं. बाई घाबरून माझा पदर धरून होत्या. "उद्यापासून जेवा," मी म्हटलं.

माझे चार किलो उतरायला अर्धं वर्ष लागलं. कुणी विचारलं नाही, कुणी कौतुक केलं नाही, आणि त्या मंडळीचं कौतुक हवंय कुणाला? रोज उठवताना आमचे हे चांगल्या हाताने माझा खांदा घट्ट आवळत, वळ उठेपर्यंत. त्यांना पडायची भीती होती. एका सकाळी मी त्यांना खुर्चीत बसवलं तेव्हा लक्षात आलं, हात खांद्यावर नुसता ठेवलेला होता.

तेवढ्यात मुलाचा फोन आला, मी स्पीकरवर घेतला. "आई, सेंटर में बात कर लूँ?"

ह्यांनी हात पुढे करून फोन मागितला. आजार झाल्यापासून ते फोनवर बोलले नव्हते; जीभ जड झाली आहे, त्याची लाज वाटते. एकेक शब्द लावत ते म्हणाले, "तुझ्या सेंटरात तू जा. मला उचलणारी घरात आहे."