ओल्या मातीचा विटाळ

‘म्हारड्या, काढ ती माटी. बठ्ठी काढ, अन् नदीमा टाकी ये.’

पाटील हे माझ्या बापाला म्हणाला. कुस्त्यांच्या फडात, भर जत्रेत, सगळ्या गावासमोर. मी हौद्यात पडलो होतो. नाकातून रक्त वाहत होतं. मला मारून झालं होतं, आता मातीची पाळी होती. माझं अंग लागलं म्हणून ती बाटली होती. आणि बाटलेली माती काढायला माझाच बाप बोलावला होता.

बापानं जोहार घातला. फावडं उचललं.

ती माती आणली कोणी होती? आम्हीच. चैत्रातली जत्रा जवळ आली की महारवाड्याला सांगावा यायचा. टेकडीखालची तांबूस माती खणायची, टोपल्यांनी वाहायची, चाळायची, खडा न् खडा वेचायचा, हौदा भरायचा. सगळं फुकट. गावकीचं काम, करायलाच पाहिजे. हौदा भरला की पाटलाचे गडी ताक, तेल आणि हळद घेऊन यायचे. ‘निंघा रे भाईर,’ म्हणायचे. आम्ही निघायचो. मग ते ताक ओतायचे. माती ओली व्हायची, आणि ओली झाली की आमचा पाय तिला चालायचा नाही.

लहानपणी मी बापाला विचारलं होतं, असं का?

‘सुकी चालस, वल्ली चालत नही,’ आबा म्हणाला. विस्तव भाजतो हे पोराला सांगावं, तसं त्यानं ते सांगितलं. पुढं विचारायचं काही नव्हतंच.

कुस्त्या आम्ही लांबून बघायचो. फडाबाहेर चपलांचा ढीग पडायचा, त्याच्या पलीकडं आमची जागा. तिथून पैलवान कमरेच्या वरच दिसायचे. पण हाक ऐकू यायची. जिंकलेल्या गड्याचा हात वर धरून पुकारणारा फडभर फिरायचा आणि ओरडायचा, ‘अमक्या गावना पैलवान!’ डफ वाजायचा. अंगावर काटा यायचा माझ्या. खोटं कशाला बोलू, मला भाकरीपेक्षा ती हाक हवी होती. माझा हात वर आणि माझ्या गावाचं नाव. एवढंच. ह्याला कोणी स्वप्न म्हणा, कोणी माज म्हणा. गावानं माज म्हटलं.

मिसरूड फुटायच्या वयात मी भुसावळला पळालो. रेल्वेच्या यार्डात कोळसा उतरवायचं काम मिळालं. तिथं एका मुसलमान उस्तादाची तालीम होती. त्यानं जात विचारली नाही असं नाही. विचारली. मी सांगितली. तो म्हणाला, ‘ठीक है. अब जोर मार के दिखा.’ मी जोर मारले ते हात थरथरून तोंडावर पडेपर्यंत. तिथली मातीही ताक-तेलाचीच होती. ओली. माझा घाम तिच्यात रोज पडायचा, दुसऱ्यांचाही पडायचा. कोणी मेलं नाही की कोणाचा देव बाटला नाही.

काही वर्षांनी जत्रेला गावी आलो. गेलो तेव्हा काटकुळा होतो, आलो तो दार भरेल एवढा. आबा बघतच राहिला. मग त्याचा चेहरा उतरला. माझ्या मनातलं त्यानं ओळखलं असणार. म्हणाला, ‘पोऱ्या, पान्यामा राहीसन मासासंगे वैर नको करू.’

मी म्हटलं, ‘नुसतं बघायला जातो.’

आणि खरंच नुसतं बघायला गेलो होतो. चपलांजवळच उभा होतो. त्या दिवसाच्या शेवटच्या कुस्तीला बऱ्हाणपूरकडचा एक पैलवान उतरला. मागच्या सालचं चांदीचं कडं त्याच्याच हातात होतं. तो शड्डू ठोकत फडाला फेऱ्या मारू लागला. ‘है कोई? कोई मर्द है इस गाँव में?’ पाटलाचा पोरगा तालमीत दूध-बदाम खाऊन माजला होता, तो मान खाली घालून बसला. बाकीचे एकमेकांकडं बघू लागले. पैलवान फडाच्या मधोमध थुंकला आणि म्हणाला, ‘सब औरतें हैं.’

मला वाटलं, गावाची अब्रू चाललीय. माझ्या गावाची. काय म्हणायचं माझ्या अकलेला! ज्या गावानं मला चपलांच्या पलीकडं उभं केलं, त्याच्या अब्रूसाठी माझं रक्त तापलं. मी सदरा काढला आणि माणसांतून वाट काढत उडी मारली.

कोणी अडवलं नाही. कोणीतरी उतरलं ह्याचाच लोकांना एवढा आनंद होता की तोंड कोण बघतो! पैलवानानं सलामी दिली. मी दिली. तो माझ्याहून जड होता, पण दमानं कच्चा होता. मी त्याला खेळवलं, दमवलं, आणि तो अंगावर आला तेव्हा धोबीपछाड मारली. पाठ मातीला लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

गाव उसळलं. फेटे उडाले. पुकारणाऱ्यानं माझा हात वर धरला आणि विचारलं, ‘कोन्या गावना?’

‘आठलाच शे,’ मी म्हटलं.

‘आपला शे रे! आपला शे!’ लोक ओरडले. कोणी मला उचललं, कोणी पाठीवर थापा मारल्या. ही आरोळी मी जन्मभर ऐकायला आसुसलो होतो, आणि ती मला मिळाली.

‘कोना पोऱ्या शे तू?’ पाटलानं हसत विचारलं.

मी बोट दाखवलं. चपलांच्या ढिगापलीकडं माझा बाप उकिडवा बसला होता. दोन्ही हात डोक्याला लावून.

खांद्यावरून मला टाकलं. उतरवलं नाही, टाकलं. पहिली लाथ पाटलाच्या पोरानं मारली. आता त्याच्यात बळ आलं होतं. मग किती जणांनी मारलं, ठाऊक नाही. पंच म्हणून एक खादीटोपीवाले भाऊसाहेब बसले होते. चावडीवर ते नेहमी सांगायचे की स्वराज्यात सगळे सारखे. ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, ‘ही कुस्ती झालीच नाही असं धरावं.’ आणि धरलं! पाटलानं त्या बऱ्हाणपूरकराला फेटा बांधला. गावाला बायका म्हणणाऱ्याला, माझ्याकडून चीत झालेल्याला. त्यानंही मुकाट डोकं पुढं केलं, यंदाचं कडंही हातात चढवलं आणि विहिरीवर अंघोळीला गेला. माझा विटाळ धुवायला.

तेव्हा मला कळलं. गावाची अब्रू गेलेली गावाला चालत होती. आम्ही राखलेली चालत नव्हती.

मग आबाला बोलावलं. त्यानं पहिलं फावडं मारलं. ओली माती टोपलीत टाकली. कपाळावरचा घाम त्याच मातीत पडला. मी तो पडताना बघितला आणि माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

मी उठलो. पाटलाला म्हटलं, ‘खनतांना मना बापना घाम पडना, तो सुका व्हता का?’

भाऊसाहेब पायाकडं बघत होते.

‘बोला ना. सुका व्हता का?’

मी बापाच्या हातातलं फावडं घेतलं. टोपली पालथी केली. म्हटलं, ‘आबा, घरी चला.’ तो हलेना. मी फावडं खांद्यावर टाकलं, त्याचा दंड धरला आणि फडातून चालू लागलो. महारवाड्यातला दुसरा कोणी माती काढायला पुढं आला नाही. मागून शिव्या आल्या, धोंडे आले. एक आबाच्या पाठीत बसला.

पण माती तशीच राहिली. आम्ही काढेना. त्यांना हात लावता येईना. करणार काय? दुसऱ्या दिवशीच्या कुस्त्या मोडल्या. मग त्यांना तोड सुचली. चैत्राचं ऊन पडत होतंच. माती सुकेपर्यंत थांबले. सुकली म्हणजे शुद्ध झाली! ह्या धर्माला विटाळ घालवायला ऊनही पुरतं, फक्त माणसाचा विटाळ कशानं जात नाही.

आमचं बलुतं बंद झालं. गावात पाऊल टाकायची बंदी झाली. आबाची पाठ कायमची वाकली. लोक म्हणाले, पोरानं बापाला खाल्लं. म्हणोत.

पुढच्या सालच्या चैत्रात पाटलाचा माणूस महारवाड्याच्या वेशीवर आला. लांब उभा राहिला. आबाला म्हणाला, बऱ्हाणपूरचा गडी पुन्हा येतोय, गावात कोणी जोडीचा नाही. ‘माटी खनीसन द्या. यंदा आम्ही ताक टाकत नही. माटी सुकीच ठेवसूत. तुना पोऱ्याले सांग, सुकीवर लढ.’ ही त्यांची मेहेरबानी. सुक्या, दगडासारख्या मातीवर अंग सोलून घ्यावं आणि त्यांचं नाक वर ठेवावं. कामापुरता मामा.

मी तोंड उघडण्याआधी आबा उठला. वाकलेल्या पाठीनं, भिंतीला धरून. जोहार घातला नाही. म्हणाला,

‘आते सुकी बी नही.’

त्यानंतर आम्ही त्या फडाला ढेकूळही दिलं नाही. महारवाड्यात आमचा हौदा खणला, त्याच फावड्यानं. ताक आमच्याकडं नव्हतं, पाणी ओतलं. पहिल्यांदा त्यात आबाला उभं केलं.

मी अजून लढतो. उरुसांतल्या कुस्त्यांच्या दंगलींत, रेल्वेगावांच्या फडांत. जिथं हाकलतात तिथून मी आता मुकाट जात नाही, हौद्याच्या काठावर बसून राहतो आणि सगळ्यांना कारण सांगायला लावतो. गावाची हाक मला नको. जिंकलो की पुकारणारा विचारतो, ‘कोन्या गावना?’ मी सांगतो, ‘महारवाडाना.’ तो चाचरतो, हळू पुटपुटतो. मी हात वर करू देत नाही.

‘मोठ्यानं,’ म्हणतो. ‘शेवटच्या चपलेपर्यंत ऐकू जाऊ दे.’