वाकडा मॉनिटर

माझे वडील चाळीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग पुसत आले. फोटो स्टुडिओत रिटचिंगचं काम; आधी ब्रशने, मग कॉम्प्युटरवर. बाजारात त्यांना सगळे डागवाले म्हणत. समोर कोणीही येऊन बसलं की बाबा आधी त्याच्या हनुवटीवरचा मुरूम बघायचे आणि मग खुशाली विचारायचे. माझं लग्न ठरताना होणाऱ्या जावयाची त्यांनी केलेली एकमेव चौकशी म्हणजे, कपाळावरची ती खूण जन्माची की पडल्याची.

आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. स्टुडिओवाला घरी काम पाठवायचा. पण अलीकडे दोनदा काम परत आलं. एका नवरीचं नाक तिरकं झालं होतं, एका म्हाताऱ्या गृहस्थांचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर चढला होता. आणखी एकदा असं झालं तर काम बंद, असं स्टुडिओवाल्याने फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले, मॉनिटर जुना झालाय, सरळ रेषा वाकड्या दाखवतो, मी तरी किती सरळ करत बसू? मला ते पटलं. काम गेलं तर हा माणूस दिवसभर काय करणार, हाच विचार माझ्या डोक्यात होता.

नवा मॉनिटर घ्यायचं ठरलं, पण घरात टेबल एक आणि दावेदार तीन. मला ऑफिसच्या लांबलचक तक्त्यांसाठी रुंद हवा होता, नवऱ्याला गेमसाठी वेगवान, बाबांना खरे रंग दाखवणारा. आठवडाभर जेवताना दुसरा विषय नाही. नवऱ्याचा जीव वक्र मॉनिटरवर जडला होता. गाडीची शर्यत खेळताना आत बसल्यासारखं वाटतं म्हणे. वाकड्या पडद्यावर सरळ माणसं कशी करायची, असं बाबांनी विचारलं. शेवटी मीच सांगून टाकलं, बाबांना पटेल तोच घ्यायचा, आपण दोघं जुळवून घेऊ.

शनिवारी सकाळी मी आणि बाबा दुकानात गेलो. बाबांनी पेन ड्राइव्हमध्ये चौकटी आखलेलं एक चित्र नेलं होतं. मॉनिटर तपासायची ही त्यांची जुनी रीत. चित्र उघडायचं, कॅमेऱ्यातून बघताना मिटतात तसा डावा डोळा मिटायचा आणि रेषा बघायच्या. बारीक कामही ते असंच, डावा डोळा मिटून करत.

पहिला मॉनिटर वक्र होता, त्यावर त्यांनी नाक मुरडलं. दुसरा मधोमध फुगलाय म्हणाले. तिसराही वाकडा, चौथाही. माझा पारा चढत होता. दुकानदार मात्र भला माणूस. त्याने खणातून स्टीलची पट्टी काढली आणि चौथ्या मॉनिटरच्या काचेवर आडवी टेकवली. पट्टीखालून कागदसुद्धा जाईना.

"काका, अगदी सपाट आहे. बघा तुम्हीच."

बाबा डावा डोळा मिटून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पट्टीपण वाकडी आहे."

दुकानदार गंमत समजून हसला. मला हसू आलं नाही.

बाबांनी आता उजवा डोळा मिटला. मग पुन्हा डावा. असं तीन-चारदा केलं आणि पाकिटातून आईचा छोटा फोटो काढून त्याच्याकडेही तसंच आलटून पालटून बघितलं. दुकानात इतर गिऱ्हाइकं होती, पण बाबांना कशाचं भान नव्हतं.

"घरी भिंतीवर लावलाय तो हिचा फोटो," त्यांनी विचारलं, "कसा आलाय गं?"

तो फोटो त्यांनी आई गेल्यावर दार लावून चार दिवस बसून केला होता. चौकट होऊन आला तेव्हाच मला दिसलं होतं, आईचा खालचा ओठ एका बाजूला ओढला गेलाय, रडू आवरणाऱ्या माणसासारखा. नवरा म्हणाला होता, आईंचं तोंड वाकडं आलंय. मी त्याच्यावर डोळे वटारले. बिचाऱ्या बाबांनी रडत रडत केला असेल, आता कुठल्या तोंडाने सांगायचं? बाबा स्वतः त्या फोटोकडे मान वर करून कधी बघत नसत. सात महिने मी तो ओठ रोज पुसला आणि तोंडातून ब्र काढला नाही.

"वाकडा आलाय," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून, बाबा."

फोटो पाकिटात ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्याच्या आत, नजरेच्या नेमक्या मध्यावर, व्रण पक्का झाल्याचं सांगितलं. सहा महिने आधी आला असतात तर इंजेक्शनं देऊन बरंच वाचवता आलं असतं, हे त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. डाव्या डोळ्यातही सुरुवात आहे. तो सांभाळायचा प्रयत्न करू. मला त्यांचा राग आला, इतकं सरळ बोलल्याचा. मग माझा स्वतःचा आला, आणि तो काही केल्या जाईना. बाबांचं मन जपायला गेले आणि त्यांचा डोळा घालवून बसले.

स्टुडिओवाल्याला बाबांनीच फोन करून काम थांबवलं. नव्या मॉनिटरचं नाव घरात कोणी काढलं नाही, नवऱ्यानेही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला आणि जुन्या मॉनिटरसमोर बसले. मूळ फाइल राहिली नव्हती, तिच्यावरच त्यांनी सगळं काम केलं होतं. पाकिटातला फोटो स्कॅन करून मोठा केला की फुटायचा, म्हणून तो नुसता नमुन्याला शेजारी टेकवला होता. उजव्या डोळ्यावर रुमाल बांधून त्यांनी मला हाक मारली.

"बस इथं. ओठ सरळ झाला की सांग. आणि या वेळी खरं सांग."

माउस अगदी केसभर हलला. "झाला?" त्यांनी विचारलं.

हो म्हणावं असं फार वाटलं.

"नाही बाबा," मी म्हटलं. "अजून नाही."