काट्यांसकट बार्श

सासूबाई गेल्या आणि काही महिन्यांनी आम्ही बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, नागपूरहून म्युनिकला घेऊन आलो. व्हिसा तीन महिन्यांचा होता. पहिला महिना संपायच्या आतच त्यांनी माझ्या नवऱ्याला शांतपणे सांगितलं, "तिकीट अलीकडचं करून दे बेटा. मन लागत नाही इथं." भांडण नाही, तक्रार नाही. नुसतं खाणं कमी केलं होतं. दोन घास वरणभात, अर्धी पोळी, की "झालं माझं" म्हणून ताट उचलायचे. मला अशा माणसांचा राग येतो. तक्रार केली तर निदान भांडता तरी येतं.

मासे तर ते शिवतही नव्हते. ज्या घरात रविवार म्हणजे तलावाचे मासे, त्या घरातला हा माणूस. मी आधी ठरवलं की दातांचं काहीतरी असणार. म्हणून बिनकाट्याचे फिले आणले आणि भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा रस्सा केला. बाबांनी रस्सा खाल्ला, मासा ताटाच्या कडेला सारून ठेवला. मग ठरवलं, फ्रोझन मासा आवडत नसेल. नवरा म्हणाला, "आल्झो," म्हणजे आपलं 'तर मग', "आता राहू दे ना. आईची आठवण येत असेल त्यांना." ते मलाही कळत होतं. पण आठवणीवर माझ्याकडे इलाज नव्हता. ताज्या माशावर होता.

कारण मी गळ टाकते. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या नादाने सुरू झालं आणि आता तिच्यापेक्षा मलाच जास्त वेड आहे. या देशात मनात आलं म्हणून तळ्याकाठी बसता येत नाही. त्यासाठी वर्ग, मग परीक्षा, मग फिशेरायशाइन नावाचा परवाना, शिवाय त्या तळ्याचा वेगळा पास. वसंतात त्सांडर या माशाला अंडी घालायला मोकळीक असते, तेव्हा तो धरायला बंदी. ती बंदी नुकतीच उठली होती. त्सांडर म्हणजे पांढरं, गोड मांस. बाबांना म्हटलं, "शनिवारी माझ्याबरोबर चला. ताजा मासा आणू."

"चल," ते म्हणाले. नाही म्हणायचाही त्यांना कंटाळा आला होता.

पहाटेची एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडून आम्ही तळ्यावर पोचलो. माझं जुनं हिवाळी जॅकेट बाबांनी घातलं होतं, त्याच्या बाह्या त्यांना आखूड होत होत्या. काठाच्या झाडीत रानलसणाचा वास सुटला होता. तळं इतकं नितळ, की उभ्या जागेवरून तळाचे गोटे मोजावेत. बघायला छान, पण गळ टाकणाऱ्याची पंचाईत. आपल्याला मासा दिसायच्या आत त्याला आपण दिसलेलो असतो. म्हणून ऊन वर यायच्या आत जे काय मिळेल ते.

थर्मासमधून चहा ओतायचा म्हणून मी रॉड बाबांच्या हातात देणार होते, तेवढ्यात आठवलं आणि हात मागे घेतला. "बाबा, तुम्हाला धरता येणार नाही. लायसन लागतं."

"नुसतं धरायला?"

"या, नुसतं धरायलाही." मराठी बोलताना हा जर्मन 'या', म्हणजे 'हो', मध्येच सांडतो, त्याला मी काय करू.

बाबांनी तळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "माशाला माहीत आहे का हे?" ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून थट्टा ऐकली. मला इतकं बरं वाटलं, की चहा अर्धा खाली सांडला.

मी गळाला लावलेला रबरी मासा लांब फेकून हळूहळू ओढून घेत होते. असं बराच वेळ चाललं. मग एकदा त्याच्या मागे एक लांब सावली आली. त्सांडर! पाठीवरचा काटेरी पंखा, काचेच्या गोटीसारखा डोळा, सगळं स्पष्ट दिसत होतं. बाबा उठून माझ्या खांद्याशी आले. मी दोरी आणखी सावकाश ओढली. मासा काठापासून हातभर अंतरावर थांबला, त्याने आम्हा दोघांना नीट न्याहाळलं आणि सावकाश वळून खोल पाण्यात निघून गेला.

"हुशार आहे," बाबा म्हणाले.

मी मराठीत एक शिवी हासडली. सासऱ्यांसमोर. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

त्यानंतर मिळाले ते तीन बार्श. हिरवट अंगावर काळे पट्टे, पंख लालभडक, आणि आकार तळहाताएवढा. इथला नियम असा, की नियमात बसणारा मासा धरला तर उगाच परत सोडायचा नाही. तो खायचा, आणि त्याआधी डोक्यावर टोला मारून त्याला लगेच संपवायचं, तडफडू द्यायचं नाही. मी टोला मारला तेव्हा बाबांनी तोंड फिरवलं आणि पलीकडच्या काठाकडे बघत राहिले. रोज सकाळी ते पंचशील म्हणतात. मीही त्याच संस्कारात वाढले. टोला मारताना जीवहत्या न करण्याचं पहिलं शील दरवेळी माझ्याही ओठांवर येतं आणि हात जड होतो. संपलं, मला वाटलं. हत्या डोळ्यांनी पाहिली, आता हा माणूस जन्मात मासा खाणार नाही.

घरी आल्यावर मी वैतागून सुरी काढली. बार्शचे खवले सिमेंटने चिकटवल्यासारखे असतात. एवढ्याशा माशांचे फिले काढले असते तर औषधालाही उरलं नसतं. म्हणून खवले खरवडून, पोटं साफ करून, डोक्या-काट्यांसकट तिन्ही मासे रश्श्यात सोडले. कुणी खाओ न खाओ.

जेवायला आम्ही तिघं बसलो. इतकी वर्षं फिले खाऊन माझी सवय मोडलेली. पहिल्याच घासाला काटा लागला आणि मी खोकायला लागले. बाबांनी हात पुढे केला आणि माझं ताट स्वतःकडे ओढलं.

"थांब. असा नाही खात."

त्यांनी बोटांनी माशाची पाठ उकलली. मधला काटा अख्खा उचलून बाजूला ठेवला, मग चिमटीने बारीक काटे वेचले, आणि मांसाचे तुकडे माझ्या भाताच्या कडेला लावत गेले. सगळं न बघता केल्यासारखं, इतकं सफाईने.

"मला दिसतंय बाबा, मी काढते," मी म्हणाले.

"माहीत आहे. तुझ्या सासूला दिसत नव्हतं. शुगरनं तिची नजर अधू झाली होती. तिचे काटे मीच काढायचो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. काट्यांचं त्यालाही ठाऊक नव्हतं. आम्ही नागपूरला गेलो की ते दोघं आम्हा सगळ्यांना वाढून झाल्यावर, सर्वांत शेवटी, आत स्वयंपाकघरात जेवायला बसायचे.

"तू बिनकाट्याचा आणायचीस," बाबा खाली बघतच म्हणाले, "मग हातांना काही कामच नाही राहायचं. नुसतं गिळायचं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ते तुकडे भाताबरोबर खाल्ले. मग त्यांनी स्वतःचा मासा ओढला, काटे काढले, आणि खाल्ला. रस्सा परत मागून घेतला.

हात धुऊन आल्यावर ते दारातच थांबले. मला वाटलं, आता तिकिटाचं विचारतील.

"ते लायसन," बाबा म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला देतात का?"