लाल थरातला ओघळ

ज्ञानेश्वरीला भेटायचं तर मान वर करावी लागते. ती कुठल्या तरी टाकीवर, गोदामाच्या भिंतीवर नाहीतर देवळाच्या शिखराशी बांबूच्या परांचीवर बसलेली असते. खाली तिचे वडील, कानिफनाथ पेंटर, रंगाच्या डब्याची दोरी धरून उभे असतात. मी दिसले की ती वरून ओरडते, "बाई, चहा घेऊन जावा!" जणू किटली तिच्याचजवळ आहे.

शाळेत ती माझी विद्यार्थिनी होती. अभ्यासात मधली, फळ्यावरच्या नकाशात पहिली. दहावीनंतर नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये ट्रॉल्यांना रंग मारायला लागली. पुढे कानिफनाथांचे गुडघे गेले, वर चढणं बंद झालं, तेव्हा ती परत आली आणि दुसऱ्याच दिवशी ब्रश घेऊन परांचीवर चढली. गावाला हे पचायला वेळ लागला. बघायला आलेली पाहुणेमंडळी "मुलगी लई उंचावर चढती" म्हणून परत गेली. गोजरबाई शेजारची, जिभेला हाड नसलेली. तिनं एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "आगं, अशानं तुला नवरा कुठं घावायचा?"

"घावला तर खाली हाक मारा आत्या, मी उतरते," ज्ञानेश्वरी म्हणाली. "पन काम झाल्यावर."

आमचं गाव संगमनेर-अकोले रस्त्यावर लागतं. शाळेच्या आवाराला लागून पाण्याची नवी टाकी झाली: खाली साठ फुटांचा गोल मनोरा, त्याच्यावर टाकी. मनोऱ्यावर मुलांच्या उपयोगाचं चित्र काढावं असं ग्रामसभेत ठरलं. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, वातावरणाचे थर काढा. उभ्या मनोऱ्याला त्याच्याइतका शोभणारा धडा दुसरा नाही. सभेत हात वर झाले आणि चार थर ठरले.

ज्ञानेश्वरी कागद घेऊन माझ्या ओट्यावर बसली. अर्धा फूट म्हणजे एक किलोमीटर, असं आम्ही माप धरलं. गरम तिथं तांबडा-पिवळा, गार तिथं निळा. मी खालून वर रंग सांगत गेले आणि तिच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या.

"थांबा बाई. खाली ऊब, वर गेलं की गार. हे पटलं, कळसूबाईवर जाताना कानटोपी लागतीच. मग मधीच परत ऊब? मंग परत गार? आन् सगळ्यात वर लालभडक? हवा अशी उड्या का मारती?"

"चूल कुठं आहे ते बघ," मी म्हटलं. "ऊन आधी जमीन तापवतं आणि जमीन हवेला तापवते. म्हणजे पहिली चूल जमिनीवर. तिच्यापासून जितकं लांब जाशील तितकं गार. हा तपांबर. आपण सगळे इथं राहतो, ढग, पाऊस सगळं इथंच. त्याच्यावर स्थितांबर. तिथं ओझोन वायू उन्हातले घातक किरण अडवतो आणि स्वतः तापतो."

"म्हंजी दुसरी चूल, अधांतरी."

"हो. तिच्याही वर गेलीस की पुन्हा गारठा, सगळ्यात कडाक्याचा. तो मध्यांबर. आणि त्याच्यावर दलांबर. तिथली विरळ हवा सूर्याचे प्रखर किरण थेट पिते. तापमान हजार अंशांच्या पुढं जातं. पण हवाच इतकी थोडी, की हात बाहेर काढलास तर चटका बसणार नाही."

तिनं कागदावर लाल पट्टा ओढला. मग हसली. "तापलेलं हाय, पन भाजत न्हाई. आमच्या आण्णांसारखं!"

कानिफनाथ ओट्याखाली विडी ओढत बसले होते. त्यांनी नुसतं डोळे वटारून पाहिलं. रंगाच्या बाबतीत मात्र ते खरोखर भाजत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ असे: "ओघळ म्हंजी पेंटरची नाचक्की." भिंतीवर रंगाचा एक थेंब जरी ओघळलेला दिसला, तरी तो घासून पुन्हा रंगवल्याशिवाय ते जेवायला बसत नसत.

रंगकाम नेहमी वरून खाली येतं. खालून सुरुवात केली तर वरचे थेंब केलेल्या कामावर पडतात. त्यामुळे चित्राचा शेवट गावानं आधी पाहिला. टाकीच्या गळ्याशी लाल पट्टा उमटला आणि गोजरबाईनं पारावर निकाल देऊन टाकला, "वर सूर्व्या जवळ, म्हनून लाल. येवढं तर मलाबी ठावं!" चार दिवसांनी त्या लालच्या खाली गर्द निळा आला, तेव्हा ती थेट टाकीखाली येऊन उभी राहिली. "आगं, सूर्व्याखाली बर्फ व्हय गं?"

"व्हय आत्या. अजून खाली या, परत ऊब हाय!"

पोरं हसली. शाळा सुटली की ती मनोऱ्याखाली उभी राहून पुढचा रंग कोणता येणार यावर पैजा लावू लागली. मी कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसत असे. इतक्या वर्षांत माझा कुठला धडा एवढ्या लोकांनी मान वर करून ऐकला नव्हता.

वरच्या तीन थरांचा पहिला हात झाला. ज्ञानेश्वरी शेवटचा हात फिरवायला पुन्हा अगदी वर चढली. त्या दिवशी दुपारी उपसरपंच गहिनीनाथ आला. तोही माझाच विद्यार्थी. मनानं वाईट नाही, पण 'साहेबां'चं नाव निघालं की त्याला दुसरं काही दिसत नाही. साहेब म्हणजे तालुक्यातला त्याचा पुढारी. दोन दिवसांनी साहेबांचा वाढदिवस होता आणि त्या दिवशी साहेब याच रस्त्यानं जाणार होते. गेल्या वर्षी गहिनीनाथानं जुन्या टाकीवर फ्लेक्स लावला होता. वाऱ्यानं तो दोन दिवसांत फाडून शाळेच्या पत्र्यावर नेऊन टाकला. यंदा त्याला रंगवलेलं, पक्कं काहीतरी हवं होतं.

"ज्ञानू," तो खालून ओरडला, "वरचा लाल पट्टा तसाच रिकामा हाय. तिथं साहेबांचा फोटू काढ आन् खाली शुभेच्छा. लांबून दिसलं पायजे."

"रिकामा न्हाई तो, गहिनीदादा. दलांबर हाय."

"त्यात काय हाय?"

"गरमी."

"दिसती का?"

"साहेबांचं काम तरी कुठं दिसतंय?"

खाली जमलेली माणसं फिस्सकन हसली. गहिनीनाथाचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे वळला. "बाई, तुमी सांगा तिला. एक थर कमी झाला तर पोरांचं काय बिघडतंय?"

"गहिनी, वरचा थर पुसलास तर चित्र गारठ्यावर संपेल," मी म्हटलं. "मुलं शिकतील, वर जाल तसं गारच होत जातं, पुढं काही नाही. मी तसं कधी शिकवलं नाही. तुलाही नाही."

तो क्षणभर घुटमळला. पण माणसं बघत होती, मागं हटणं आता अवघड होतं. "ऱ्हावू द्या. ज्ञानू, तू न्हाई काढणार तर संगमनेरचा पेंटर काढंल. उद्या सकाळी बोलावतो. परांची उभीच हाय, चढंल आन् काढंल."

"परांची माझी हाय!"

"टाकी पंचायतीची हाय!"

"चार थर ग्रामसभेत ठरल्यात दादा, तुमी पन हात वर केल्ता!"

बोलता बोलता तिनं डब्यात ब्रश बुडवला. रागात तो जरा जास्तच भरला. भिंतीवर टेकवताच लाल रंगाची एक धार सुटली. ती लालच्या खालच्या नारिंगी कडेवरून उतरली आणि मध्यांबराच्या निळ्यात वीतभर आत जाऊन थांबली. वर ज्ञानेश्वरीनं जीभ चावली. खाली कानिफनाथांनी डोळे मिटून घेतले.

गहिनीनाथ गेला. ज्ञानेश्वरी उतरली, माठातलं पाणी प्यायली आणि वडिलांशेजारी मातीत बसली.

"ओला हाय तवर पुसला तर निळ्यात लाल पसरंल," कानिफनाथ म्हणाले. "रातभर वाळू दे. सकाळी घासून परत हात मारू."

"सकाळी त्यो पेंटर चढंल आण्णा. आपल्याच बांबूवरनं."

कानिफनाथांनी वर परांचीकडे पाहिलं. परांचीचे बांबू त्यांचे, काथ्याची प्रत्येक गाठ त्यांनी शिकवलेली. टाकीचं काम पूर्ण होईपर्यंत परांची सोडायची नाही, वरून शेवटचा हात फिरवायचा आणि मगच पहिली गाठ सोडायची, हा त्यांचा जन्माचा नियम. तिच्या मनात काय आहे ते त्यांना कळलं होतं, आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"परांचीचे वरचे मजले आता सोडून खाली घेतले," ती म्हणाली, "तर ओघळ तसाच ऱ्हाईल. परत बांधलं की गहिनीदादा परत येतील, म्हंजी कायमचा."

"ऱ्हाईल."

"रस्त्यावरनं दिसंल."

"दिसंल तर."

"लोक म्हनतील, कानिफ पेंटरच्या पोरीचं काम."

कानिफनाथांनी विडी विझवली, दोरी उचलली आणि तिचं टोक तिच्या हातात दिलं. "दिवस हाय तवर चढ. गाठी कापू नको, सोड. काथ्या परत लागतो."

ती चढली. ऊन कलेपर्यंत एकेक बांबू दोरीनं खाली येत राहिला. कानिफनाथ दुखऱ्या गुडघ्यांवर उभे राहून तो धरत, कडेला रचत. शाळा सुटलेली पोरं ओळीनं उभी राहून बांबू हातोहात पुढं देऊ लागली. दिवेलागणीला परांची खालच्या अर्ध्यावर आली होती. लाल आणि निळा, दोन्ही थर कुणाच्याही हातापलीकडे गेले होते.

सकाळी गहिनीनाथ संगमनेरच्या पेंटरला मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन आला. त्या पेंटरनं मान वर केली, मग आणखी वर केली.

"वरची परांची कुठंय?"

"काल हुती," गहिनीनाथ म्हणाला.

"मी दहा वर्षं झाली फ्लेक्सच करतो दादा. एवढं वर चढायचं विसरलो. फ्लेक्स असला तर सांगा, संध्याकाळी देतो." तो उतरलाही नाही. "हे काम करणारी इकडं एकच हाय म्हणं. ती काय, समोर बसलीय."

ज्ञानेश्वरी स्थितांबराच्या खालच्या फळीवर बसून पाय हलवत होती.

"बांबू हितंच हायेत," कानिफनाथ शांतपणे म्हणाले. "बांधा की. गाठी मारता येत्यात ना?"

गहिनीनाथ बांबूंच्या ढिगाकडे बघत राहिला. वाढदिवस दुसऱ्या दिवसावर आला होता. गावात त्या उंचीवर जायला कोणी तयार झालं नसतं. आणि तो स्वतः तर शाळेत असताना घसरगुंडीच्या शिडीवरही चढत नसे, हे मला माहीत होतं.

"तू हे बरं न्हाई केलंस, ज्ञानू," तो म्हणाला.

"साहेबांना जागा हाय की दादा," ती म्हणाली. "तळाला, तपांबरात. मी, तुमी, गोजर आत्या, सगळी तिथंच ऱ्हातो. पन मापात काढीन हां. आमची कळसूबाई वीतभर बसतीय. साहेब किती भरतील, बाईंना इचारा."

"भिंग लागेल," मी म्हटलं.

गोजरबाई सर्वांत मोठ्यानं हसली. गहिनीनाथानं हसू दाबायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, आणि मोटारसायकल वळवून तो निघून गेला. साहेबांचा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी वेशीवर लागला. नेहमीप्रमाणे.

पुढच्या आठवड्यात चित्र पूर्ण झालं. मनोऱ्याच्या पायाशी पिवळ्या-तांबड्या उबेत वीतभर कळसूबाई उभी आहे. बालवाडीची पोरं तिच्या माथ्यावर पाय ठेवून सांगतात की ती सगळ्यात उंच चढली. तिथून वर बोट नेत मोठी पोरं थर म्हणून दाखवतात: ऊब, गार, ऊब, गार, आणि मग लाल. त्या लालमधून एक ओघळ निळ्यात उतरला आहे. तो कोणत्याच पुस्तकात नाही, म्हणून नवीन माणूस आला की विचारतो.

परवा एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या एका गृहस्थानं विचारलं. "चित्र झकास आहे हो. पण तिथं वर रंग ओघळलाय. कोण पेंटर होता?"

शेजारी कानिफनाथ उभे होते. आयुष्यभर ज्यांनी एक थेंब भिंतीवर ठरू दिला नाही, ते काठी टेकत दोन पावलं पुढं झाले, म्हणजे त्या माणसाला नीट ऐकू यावं.

"माझी पोरगी," ते म्हणाले. "आन् त्यो ओघळ न्हाई पुसायचा. आमी ठेवलाय."