मोहाच्या झाडाबाबत खुलासा

माझ्या बायकोने एक टेकडी शोधली होती आणि ती कुठे आहे हे मला कधीच सांगितलं नाही.

टेकडी अर्थात आधीपासून तिथेच होती. हिने शोधलं ते तिच्या पोटातलं तांबं. ही सरकारी भूवैज्ञानिक. कार्यालय पुण्यात, पण थंडी पडली की तंबू, जीप आणि ड्रिलिंगचं यंत्र घेऊन यांची तुकडी राज्याच्या पूर्व टोकाला जायची आणि उन्हं तापली की परतायची. मी इथे एका कॉलेजात ग्रंथपाल. मागेल त्याला हवं ते काढून देण्यात माझा जन्म गेला. मागेल त्याला काही न देणं हा तिच्या कामाचा भाग होता, आणि तो ती घरीही मन लावून करायची.

"निदान तालुका तरी सांग."

"अहो, सरकारी माहिती आहे ती. उद्या तुम्ही कट्ट्यावर बोलाल, परवा कुणी ठेकेदार तिथे जमीन घेऊन बसेल."

"माझ्या कट्ट्यावर सगळे संस्कृतचे प्राध्यापक असतात."

"त्यांनाही जावई असतात."

बाकी सगळं सांगायची. स्वयंपाक्याचं घोरणं, ओढ्याचं लालसर पाणी, टेकडीच्या माथ्यावरचं मोहाचं झाड. त्या झाडाखाली बसून ती दुपारचा चहा प्यायची. फुलं गळायला लागली की तिथे अस्वलं येत, मग चहा तंबूत. झाडाची फांदी कुठल्या बाजूला वाकली आहे हे मला ठाऊक होतं. जिल्हा ठाऊक नव्हता.

यात तिचं तत्त्व होतं. जमिनीखालचं सगळ्यांचं असतं, म्हणून ते सरकारच्या हाती असलेलं बरं, असं तिला मनापासून वाटे. सरकारने तिचा विश्वास सार्थ केला. तो साठा एका सरकारी महामंडळासाठी राखीव ठरला. महामंडळाने टेकडीच्या पायथ्याशी तो राखीव असल्याची पाटी लावली. पाटी वाऱ्याने पडली. रीतसर मंजुरी घेऊन दुसरी लावली. ही निवृत्त होईपर्यंत त्या साठ्याचा झालेला विकास एवढाच.

गेल्या वर्षी ती गेली. कर्वेनगरच्या आमच्या घरात ती कुठे बसायची, कुठे चष्मा विसरायची, हे मला डोळे मिटून सांगता येतं. पण आमच्या संसारातले बहुतेक हिवाळे तिने जिथे काढले ती जागा मी पाहिलेली नाही. आठवण काढायची तर त्या हिवाळ्यांत मला तिला कुठे बसवावं हेच समजत नव्हतं.

अशात तिच्या हाताखाली काम केलेल्या एका गृहस्थांचा फोन आला. "सर, मॅडमची टेकडी लिलावात निघाली बरं का. राखीव उठलं. आता खासगी कंपन्या येणार."

"कुठे आहे हो ती?"

"ते फोनवर कसं सांगू? जाहिरातीत बघा ना."

जाहिरातीत जिल्हा होता आणि ब्लॉकचा क्रमांक होता. त्या जिल्ह्यात टेकड्या पुष्कळ. खोदाई सुरू व्हायच्या आत मला त्यातली एक पाहायची होती. म्हणून येरवड्याच्या बाजूला तिच्या खात्याचं जे कार्यालय आहे तिथे गेलो.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आपण कोण?"

"हा साठा ज्यांनी शोधला त्यांचा नवरा."

"त्या आल्यात का?"

"नाही. वारल्या."

"मग आपला काय संबंध?"

प्रश्न रास्त होता. वर्षभर मीही जवळपास तोच विचारत होतो.

"मला फक्त जागेचा नकाशा हवाय."

"नकाशा इच्छुक बोलीदारांनाच मिळतो."

"मी इच्छुक आहे."

"कशासाठी?"

"बघण्यासाठी."

"नुसतं बघण्यासाठी इच्छुक असं आमच्याकडे काही नाही. निविदेची कागदपत्रं विकत घ्या, नकाशा त्यात आहे. अनामत लगेच भरायची नसते."

कागदपत्रांची किंमत इथे लिहीत नाही. हिने ती ऐकली असती तर फोटोतून खाली उतरली असती. पण पैसे भरताच बाईंनी मला बसायला खुर्ची दिली. नवरा म्हणून उभा होतो, बोलीदार म्हणून बसलो.

कागदपत्रांत नकाशा होता. पण त्यावर टेकडीचे चार कोपरे होते, झाड नव्हतं. मोहाचं ते झाड अजून उभं असेल तरच तिथे जाण्यात अर्थ होता. नाहीतर एखाद्या उघड्या माळावर उभं राहून मी कुठल्या जागेकडे पाहणार होतो? सोबत बोलीदारांच्या शंकांसाठी बैठकीचं आमंत्रण होतं. गेलो.

सभागृहात काजूची बिस्किटं होती. शेजारी कोटातले एक गृहस्थ येऊन बसले, एका मोठ्या कंपनीचे प्रतिनिधी.

"काका, कुठला ग्रुप?"

"घरगुतीच आहे."

"फॅमिली बिझनेस. छान! किती वर्षं आहात मायनिंगमध्ये?"

"लग्न झाल्यापासून."

"बापरे. मग खाली किती जायचं ठरवलंय?"

"मला वरच थांबायचंय."

त्यांनी मान डोलावली आणि हळूच काहीतरी टिपून घेतलं.

पडद्यावर साहेब तांब्याच्या थरांची चित्रं दाखवत होते. धातूच्या वर जे जे असतं त्याला खाणीच्या भाषेत ओव्हरबर्डन म्हणतात, वरचं ओझं. माती त्यात आली, गवत आलं, झाडं आली. झाडाखाली चहा पिणाऱ्या बाईबद्दल साहेब काही बोलले नाहीत, पण हिशेबाने तीही त्यातच येत होती.

शंका विचारायची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. "टेकडीच्या माथ्यावरचं मोहाचं झाड अजून आहे का?"

साहेब शेजारच्या साहेबांच्या कानाला लागले. मग म्हणाले, "लेखी द्या. खुलासा सर्व बोलीदारांना कळवण्यात येईल."

मी तिथेच लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोटवाल्या गृहस्थांचा फोन. "काका, स्पष्ट विचारतो. त्या झाडाचं काय प्रकरण आहे? आमचे वकील कालपासून वनखात्याचे नियम काढून बसलेत. स्टे आहे का त्यावर?"

"काही नाही हो. माझी बायको तिथे बसून चहा प्यायची."

मग ते आदराने म्हणाले, "काका, तुम्ही फारच मुरलेले आहात."

त्यांच्या कंपनीने माघार घेतली. पाठोपाठ दुसरीनेही घेतली. पुण्याच्या एका घरगुती ग्रुपला आतली काही बातमी आहे, असं म्हणे बाजारात बोललं जात होतं. पुरेसे बोलीदार उरले नाहीत म्हणून लिलाव पुढे ढकलला. "सर, काय केलंत हे?" तिच्या हाताखालच्या त्याच गृहस्थांनी फोनवर विचारलं, पण आवाजात तक्रार नव्हती. टेकडी पुन्हा सरकारच्या ताब्यात राहिली, म्हणजे पाटी आणि वारा यांच्या ताब्यात. हिला कोणती बाजू पटली असती, सांगता येत नाही. काहीतरी टोचून बोलली असती हे नक्की.

लिलाव ढकलला तरी खुलासा ठरल्याप्रमाणे आला. सरकार अशा बाबतीत चोख असतं. "सदर ठिकाणी मोहाचे झाड असल्यास अथवा नसल्यास त्यास शासन जबाबदार राहणार नाही. बोलीदाराने स्वखर्चाने प्रत्यक्ष जागेवर जाऊन स्वतःची खात्री करून घ्यावी."

मी तो दोनदा वाचला. तिच्या हयातीत मला जे तिच्याकडून मिळालं नाही, ते तिच्याच खात्याने लेखी दिलं होतं.

मग नागपूरच्या गाडीचं तिकीट काढलं. पुढे एसटी आहे, त्यापुढे चालायचं. माळ्यावरून तिचा थर्मास काढून धुवून ठेवलाय. फुलं गळायच्या आत जायला हवं. अस्वलं आली तर चहा कुठे प्यायचा ते खुलाशात दिलेलं नाही.