आडव्या बाटलीचा अध्यक्ष

चुन्नीलाल कटरेनं जन्मात दारूचा थेंब ओठाला लावला नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण तिरोड्याकडच्या त्याच्या गावात आज हे कुणाला सांगितलं तर लोक फिदीफिदी हसतात.

खाण्याचा मात्र शौक. दोन्ही वेळा भाताचा ढीग, वर तूप-गूळ. पोट सुटलेलं, रक्तात साखर. आणि डोक्यात एकच खूळ, सुखरामचं देशी दारूचं दुकान गावातून हाकलायचं! दारूबंदी समितीचा अध्यक्ष तोच. निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. त्या मतदानासाठी तो घरोघरी हात जोडत फिरत होता.

फिरता फिरता दम लागू लागला, तसा तो एकटाच नागपूरला गेला. डॉक्टर म्हणाले, "लिव्हरवर चरबी साचलीय. ते कडक होत चाललंय."

चुन्नीलाल उसळला. "मी पित नाई जी, साहेब!"

"न पिताही होतं. तुमचं पोट न् तुमची साखर, तेवढं पुरतं." त्यांनी साखरेच्या आजारावरची एक गोळी लिहून दिली. "ही लिव्हरची सूजही आवरते. बिमारी पुसणार नाही, पण तिची चाल मंद होईल. वजन उतरवा. आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका. असल्या लिव्हरात कॅन्सर धरतो."

बिचाऱ्यानं ऐकलं. भात अर्ध्यावर आणला, रोज सकाळी बांधाबांधानं चालला. पुढच्या खेपेला रिपोर्ट सुधारलेला निघाला. पण त्याच खेपेला रांगेत पुढं कोण, तर सुखराम! पिऊन पिऊन पोट फुगलेल्या साळ्याला घेऊन आलेला.

"काऊन जी अध्यक्ष, तुमी बी अठीच?"

झालं! संध्याकाळी पानठेल्यावर एकच चर्चा, अध्यक्ष चोरून पितो. अरे, रिपोर्ट दाखवायचा, डॉक्टरचं म्हणणं चार लोकांत सांगायचं! पण नाही, अभिमान आडवा आला. घरी येऊन बायकोला, गोमतीला म्हणाला, "मतदान होईस्तोवर नागपूर बंद न् गोळी बी बंद. मेडिकलवाल्याचं तोंड काही गप राहत नाई. लिव्हरची गोळी म्हटलं का गाव दारूच समजते."

"जीव जाऊन राहिला न तुमाले बाटलीची पडली!" गोमती कडाडली. त्यानं गोळ्या चुलीत टाकल्या.

महिन्यावर आलेलं मतदान, अर्जावरच्या बायांच्या सह्या खोट्या आहेत अशा तक्रारीत अडकलं. दोन वर्षं गेली. भात पुन्हा ताटभर झाला. नळावर बाया गोमतीसमोरच कुजबुजायच्या. आधी ती भांडायची, मग गप्प बसू लागली. शेवटी मतदान झालं आणि उभी बाटली निवडून आली, म्हणजे दुकान कायम. "अध्यक्षच पिते, मंग आमच्या माणसाले कायले बोलता?" समितीतल्याच बायांनी त्याला तोंडावर सुनावलं.

पुढं डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली आणि ते चिडले. "गोळीनं हे टळलंच असतं असं म्हणत नाही. पण तपासायला आला असतात तर गाठ लहान असताना सापडली असती. आता लिव्हरभर झालीय. घरी न्या."

घरी आणलं. लोक भेटायला येत, फुगलेलं पोट बघत आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना डोळा मारत. मेले कुठले! दुखण्यातल्या माणसाचीही त्यांना कीव आली नाही.

एका दुपारी सगळे गेल्यावर गोमतीनं दार लोटलं. उशाशी बसून त्याच्या कपाळावरून हात फिरवला. किती वर्षांत ती इतकं मायेनं बोलली नव्हती.

"आता घरात कोणी नाई. मी रागावत बी नाई. खरं सांगा जी, कवापासून पित होते?"

चुन्नीलालनं तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहू लागलं. गोमतीनं पदरानं ते पुसलं आणि चमच्यानं पाणी पाजत म्हणाली, "जाऊ द्या. मी कोणाले नाई सांगत."