पाच जागा आणि एक खेळाडू

प्लेनोच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये उपचार घेताना तो माझ्या शेजारी असायचा. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीममधला, दारातून वाकून आत येणारा, हळू बोलणारा. चेंडू फेकणाऱ्याला वाचवायला समोर पाच जण उभे राहतात. त्यांपैकी कुणीही जखमी झालं, की त्याच्या जागी हा खेळायचा. वीस वर्षं एकच सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मला त्याचा हेवा वाटे.

"पण माझी पक्की जागा कुठलीच नव्हती," तो म्हणाला. यंदा त्याने कोचकडून त्या पाचांतली डाव्या कडेची जागा कायमची मागून घेतली. तिसऱ्याच मॅचमध्ये मधला खेळाडू जखमी झाला.

"कोचनी तुला मधे पाठवलं?"

"नाही, मीच गेलो." त्याने गुडघ्यावरचा बर्फ नीट केला. "डावी कडा आता दुसऱ्याकडे आहे. पण मधलं काम मला येत होतं. गप्प कसा राहणार?"